दुकानातल्या टोमॅटोच्या बियांतून उगवलेलं झाड: ओळख कशी पटवायची आणि नाव कधी द्यायचं

दुकानातून आणलेला एखादा टोमॅटो इतका आवडतो की त्याचं बी फेकवत नाही. ते धुऊन, वाळवून ठेवलं जातं, हंगामात पेरलं जातं, झाड वाढतं, फळं लागतात. मग प्रश्न पडतो, हा वाण कोणता? बहुतेक जण खोक्यावर छापलेलंच नाव लेबलवर लिहितात आणि बी ओळखीच्यांना वाटतात. दोन-तीन वर्षांत त्या एका नावाची भलतीच झाडं चार ठिकाणी उभी राहतात, आणि खरं काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

अशा झाडाला नाव द्यायची घाई करू नये, हे मी अगदी मनापासून सांगते. आधी त्याला एक क्रमांक द्या आणि भरपूर निरीक्षण करा. आईसारखं, म्हणजे ज्या झाडाचं फळ आणलं त्या झाडासारखं, निघतंय की नाही, ते सलग दोन-तीन पिढ्या पाहा. नाव त्यानंतर.

फळ कापण्याआधीच वही उघडा

फळाचा गर आणि साल ही आईच्या झाडाचा भाग असते. आतलं बी मात्र पुढची पिढी असते. म्हणून हातातलं फळ म्हणजे आईबद्दलचा तुमच्याकडचा एकमेव पुरावा. एकदा खाऊन टाकलं की तो परत मिळत नाही.

अख्ख्या फळाचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन करा. मग एक फळ आडवं कापा, दुसरं असेल तर उभं कापा, आणि पुन्हा फोटो काढा. खोक्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या: उत्पादकाचं नाव, देश, विकायचं नाव, तारीख.

फळावरच्या छोट्या स्टिकरवर चार अंकी आकडा असतो. तो वाणाचा क्रमांक आहे असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. ४६६४ म्हणजे घोसासकट विकलेला लाल टोमॅटो, ४०८७ म्हणजे लांबट, रोमा प्रकारचा, ४०६४ म्हणजे मोठा लाल गोल. आकड्याच्या आधी ९ लागून तो पाच अंकी झाला असेल तर माल सेंद्रिय आहे. एकाच आकड्याखाली पन्नास वेगळे वाण विकले जाऊ शकतात.

‘रोमा’ या शब्दाचंही तसंच झालं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रसारित झालेला ‘रोमा’ हा खरोखरचा सरळ वाण आहे, त्याचं बी आईसारखंच निघतं. पण दुकानातला ‘रोमा’ म्हणजे आता फक्त लांबट आकार, आणि त्यामागचा वाण बहुतेक वेळा संकरित असतो. ‘कुमाटो’ (तपकिरी, काळपट टोमॅटो या नावाने विकतात) हे तर व्यापारी चिन्ह आहे. अशी नावं विक्रीसाठी असतात, झाडाच्या ओळखीसाठी ती अपुरी पडतात.

आणखी एक पथ्य कटाक्षाने पाळा. एका फळाचं बी एका पाकिटात. रंगीबेरंगी छोट्या टोमॅटोंच्या डब्यात पाच-सहा वाण एकत्र असतात. ते बी एकदा मिसळलं की वाफ्यात दिसणारा फरक पिढीचा की मूळ वाणांचा, हे कधीच कळणार नाही.

बी काढणं

हे बऱ्याच जणांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. बी गरासकट ग्लासात घ्या, थोडं पाणी घाला, सावलीत दोन-तीन दिवस आंबू द्या. रोज एकदा ढवळा. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरतं, ते आंबल्यावर सुटतं. मग चाळणीत धुऊन बी काचेच्या किंवा चिनीमातीच्या बशीत पसरा. कागदी रुमालावर ते चिकटून बसतं. फार दिवस ठेवलेला टोमॅटो कापला तर कधीकधी आतच बियांना मोड आलेले दिसतात. मोड आलेलं बी वाळवून साठवता येत नाही, ते लगेच लावावं लागतं.

फळावर तपकिरी, खरबरीत डाग असतील तर त्याचं बी घेऊ नका. २०१४ मध्ये इस्राएलमध्ये पहिल्यांदा दिसलेला टोमॅटोचा एक विषाणू अशा खुणा सोडतो. तो बियांच्या सालीवर टिकून राहतो आणि नुसतं आंबवल्याने जात नाही. रोपांच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे आणि सुरकुत्या दिसल्या, तर ते रोप ओळखीच्या कामाचं नाही. उपटून कचऱ्यात टाका, खतात नको.

किती रोपं लावायची

सगळं काम या आकड्यावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

दुकानात येणारे बहुतेक टोमॅटो संकरित असतात. दोन वेगळ्या आईबापांचा संकर केला की पहिली पिढी सारखीच्या सारखी निघते. उत्पादकाला तेच हवं असतं. त्या फळातलं बी दुसऱ्या पिढीचं असतं, आणि या पिढीत दडून बसलेले गुण वर येतात. मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्यावर मांडलेला हिशेब टोमॅटोलाही लागू पडतो: एखादा अप्रभावी गुण (आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा जनुकाच्या दोन्ही प्रती त्याच असतील तरच दिसणारा) दडलेला असेल, तर तो साधारण चार रोपांत एका रोपावर दिसतो.

काचघरातल्या फुलांवर भुंगे सोडलेले असतात, तेव्हा बी परक्या परागाचं असेल अशी शंका येते. तिथे बहुधा ओळीच्या ओळी एकाच वाणाच्या असतात, त्यामुळे पराग शेजारच्या झाडाचा असला तरी हिशेब फारसा बदलत नाही. झाड कलम केलेलं असलं तरी हरकत नाही, कारण बी वरच्या फांदीचं असतं, खालच्या खुंटाचं नव्हे.

आता समजा तुम्ही एकच रोप लावलं. चारांतल्या एकावर दिसणारा गुण त्या रोपावर नसण्याची शक्यता ७५ टक्के. सहा रोपं लावली तर तो गुण एकावरही न दिसण्याची शक्यता सुमारे १८ टक्के उरते. आठ लावली तर १० टक्के. अकरा लावली तर ती ५ टक्क्यांच्या खाली जाते. म्हणून मी एका फळाची बारा रोपं लावते, एखादं मेलं तरी हिशेब बिघडत नाही. जागा कमी असेल तर निदान आठ. एका रोपावरून ‘बी आईसारखंच निघालं’ असं कुणी सांगितलं, तर त्याला काही अर्थ नाही.

बाराही रोपांना ऊन, माती, पाणी सारखं द्या. नाहीतर कुंडीच्या आकाराचा फरक वाणाचा म्हणून वहीत जाईल.

प्रत्येक रोपाला क्रमांक द्या. माझी पद्धत अशी: वर्ष, फळाचा क्रमांक, रोपाचा क्रमांक. २४-३-०७ म्हणजे २०२४ साली बी काढलेल्या तिसऱ्या फळाचं सातवं रोप. पाट्या पेन्सिलने लिहा. मार्करची शाई उन्हाने उडते. माझ्या एका हंगामातल्या नऊ पाट्या फळं पिकायच्या आत कोऱ्या झाल्या होत्या आणि ती सगळी नोंद वाया गेली. पेन्सिलचं शिसं उडत नाही.

रोपांवरून काय कळतं

रोप बोटभर असतानाच खोडाचा रंग पाहा. बहुतेक रोपांच्या खोडावर जांभळट झाक असते. एखादं रोप अगदी स्वच्छ हिरवं निघालं तर लगेच नोंद करा, हा एका जनुकाचा अप्रभावी गुण असू शकतो.

चार-पाच खरी पानं आली की पानाची कड पाहा. नेहमीच्या टोमॅटोचं पान दातेरी असतं. काही रोपांची पानं रुंद, सरळ कडेची, बटाट्याच्या पानासारखी येतात. हाही अप्रभावी गुण आहे. बारा रोपांत नऊ दातेरी आणि तीन बटाटापानी दिसली, तर फुलाची वाट पाहायची गरज नाही: तुमचं फळ संकरित होतं किंवा त्याच्या आईला परक्या झाडाचा पराग लागला होता.

वाढीची सवय: पानं मोजा

‘झाड बुटकं आहे’ एवढी नोंद पुरत नाही. छोट्या कुंडीत कुठलंही झाड बुटकं राहतं. खरी खूण खोडावर असते.

मुख्य खोडावर बोट ठेवा आणि पहिल्या फुलोऱ्यापासून वर सरकवत न्या. पुढचा फुलोरा येईपर्यंत किती पानं लागतात ते मोजा. दर वेळी तीन पानं, मग फुलोरा, परत तीन पानं, आणि शेंडा वाढतच चाललाय, असं असेल तर झाड अमर्यादित वाढीचं. दोन फुलोऱ्यांत दोनच, मग एकच पान, आणि शेवटी शेंडा स्वतःच फुलोऱ्यात संपला, तर मर्यादित वाढीचं. मोजताना बगलफूट (पानाच्या बगलेतून फुटणारी फांदी) मुख्य खोड समजून मोजली जाते आणि आकडा चुकतो. म्हणून मुख्य खोडाला सुरुवातीलाच सुतळी बांधून ठेवा.

मर्यादित वाढ हा अप्रभावी गुण आहे. म्हणून उंच वेलीच्या संकरातून बुटकी झाडं निघू शकतात. बुटक्या सरळ वाणातून उंच झाड निघालं, तर परका पराग लागला किंवा बी मिसळलं असं समजायचं.

फूल, आणि पिशवी

टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. पुंकेसरांचा पिवळा शंकू असतो आणि कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, त्याच्या आत असते. भिंगाने पाहा, कुक्षीचं टोक शंकूच्या बाहेर डोकावत असेल तर त्या झाडावर परक्या परागाचा धोका जास्त. मोठ्या, अनेक कप्प्यांच्या फळांच्या वाणांत हे बऱ्याचदा दिसतं.

पुढच्या पिढीचं बी ज्या घोसातून घ्यायचं, त्यावर फुलं उमलायच्या आधी पातळ जाळीची पिशवी चढवा. फुलं उमलली की रोज बोटाने घोसाला हलकी टिचकी मारा. फळं धरली की पिशवी काढा आणि त्या घोसाला रंगीत दोरा बांधा.

फळाची तपासणी

पहिल्या फळावरून काही ठरवू नका. पहिल्या घोसात जोडफुलं येतात आणि त्यांची फळं वेडीवाकडी, अवाजवी मोठी होतात. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली पाच फळं घ्या. उन्हाळ्याचाही विचार करा. तापमान ३० अंशांच्या बरंच वर राहिलं की लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, आणि लाल वाणाची फळंसुद्धा नारिंगी-पिवळट पिकतात.

रंग पाहण्यासाठी फळ सोलावं लागतं. पिकलेल्या फळावर उकळतं पाणी ओता, अर्ध्या मिनिटाने थंड पाण्यात टाका आणि सालीचा एक तुकडा अलगद सोडवून घ्या. तो खिडकीपाशी उजेडात धरा. साल पिवळी दिसली आणि आतला गर लाल असेल, तर फळ लाल वाणाचं. साल पाण्यासारखी पारदर्शक असेल आणि गर लालच, तर ते गुलाबी वाणाचं. वरून पाहताना लाल आणि गुलाबी यांवरून माणसं वाद घालतात, हा तुकडा मात्र क्षणात निकाल देतो. पारदर्शक साल अप्रभावी, पिवळा गरही अप्रभावी. दोन्ही दडलेले असतील तर सोळा झाडांत सरासरी नऊ लाल, तीन गुलाबी, तीन पिवळी आणि एक फिकट लिंबाच्या रंगाचं निघतं. पिकल्यावरही ज्या फळात हिरवं द्रव्य टिकून राहतं, त्याचा लाल गर तपकिरी किंवा काळपट दिसतो.

कच्च्या फळाच्या खांद्याकडेही पाहा. देठाजवळचा भाग गडद हिरवा असेल तर तो प्रभावी गुण, म्हणजे एका प्रतीनेही दिसणारा. सगळं फळ एकसारखं फिकट हिरवं असेल तर अप्रभावी. व्यापारी वाणांत हे एकसारखेपण मुद्दाम आणलेलं असतं, कारण फळ सारखं पिकतं. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की याच बदलामुळे फळातलं हरितद्रव्य कमी होतं आणि साखरही घटते. म्हणून तुमच्या बारा रोपांत गडद खांद्याचं एखादं निघालं, तर त्याचं फळ नीट चाखून पाहा.

देठावर साधारण मधोमध एक फुगीर गाठ असते, तिथून फळ तुटतं. गाठच नसेल तर लिहा, असे वाण यंत्राने तोडणीसाठी केलेले असतात. फळ आडवं कापून कप्पे मोजा: छोट्या गोल फळांत दोन, लांबट फळांत दोन-तीन, मोठ्या चपट्या फळांत पाच किंवा त्याहून जास्त. वजन आणि चव नोंदवा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका, दोन्ही पाण्याने आणि खताने बदलतात.

एखाद्या झाडाची फळं हिरवी होऊन तशीच राहतात, महिनाभराने फिकट पिवळी होतात, पण लाल होत नाहीत आणि मऊही पडत नाहीत. खत कमी पडलं असं वाटून झाडाला दोष दिला जातो. खरं कारण बहुधा आईत असतं. जास्त दिवस टिकणाऱ्या अनेक संकरित वाणांत पिकणं रोखणाऱ्या जनुकाची एक प्रत घातलेली असते. हा जनुक १९६८ मध्ये वर्णिला गेला. एका प्रतीने फळ सावकाश पिकतं, पण दुसऱ्या पिढीत चारांतल्या एका रोपाला दोन्ही प्रती मिळतात आणि त्याची फळं नीट पिकतच नाहीत. अशी झाडं दिसली की आई टिकाऊ संकरित वाण होती, असा दाट अंदाज करता येतो.

निकाल

बारा झाडांच्या नोंदी एकाखाली एक मांडा.

सगळी सारखी, आणि आईच्या फळासारखी? मग मूळ वाण सरळ असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळीच एखाद्या ज्ञात वाणाशी जुळवून पाहण्यात अर्थ असतो. फोटोवरून जुळवू नका, फोटोत शेकडो लाल गोल टोमॅटो सारखे दिसतात. ज्या वाणाचा संशय आहे त्याचं खात्रीचं बी मिळवा आणि पुढच्या हंगामात शेजारी-शेजारी लावा. पान, वाढ, खांदा, साल, कप्पे, देठाची गाठ, हे सगळं जुळलं तरी पाकिटावर ‘अमुक वाणासारखा’ असंच लिहा. खात्री फक्त डीएनए तपासणीने होते, आणि तीही तुलनेसाठी मूळ नमुना असेल तरच.

झाडं वेगवेगळी निघाली, तर मूळ वाण बहुधा संकरित होता. आता त्याचं नाव शोधण्यात वेळ घालवू नका. नाव सापडलं तरी ते तुमच्या झाडांना लागू होत नाही. ‘सनगोल्ड’ हा जपानच्या टोकिता कंपनीचा नारिंगी, छोट्या फळांचा संकरित वाण. त्याच्या बियांतून लाल फळांची झाडंही निघतात. त्यांना ‘सनगोल्ड’ म्हणणं हे बी घेणाऱ्याची फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असो. पाकिटावर ‘सनगोल्डची दुसरी पिढी’ लिहा, ते खरं आहे.

स्वतःचा वाण स्थिर करणं

बारांतलं एखादं झाड मनात भरतं. त्याच एका झाडाच्या पिशवी बांधलेल्या घोसातून बी घ्या. पुढच्या वर्षी त्याची आठ-दहा रोपं, त्यांतलं सगळ्यात जवळचं निवडा, परत बी. प्रत्येक पिढीत अस्थिर गुणांचा वाटा निम्मा होतो: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसरीत २५, सहावीत सुमारे ३, आठवीत १ टक्क्याहून कमी. रंग, पान, वाढीची सवय यांसारखे अप्रभावी गुण निवडले तर ते लगेच पक्के होतात, कारण दोन्ही प्रती त्याच असतात. चव, उत्पादन, फळाचा आकार यांना वेळ लागतो, कारण त्यांमागे अनेक जनुकं असतात.

दर पिढीचं थोडं बी बाजूला ठेवा. कोरड्या, थंड जागी ते चार-पाच वर्षं सहज टिकतं. निवड चुकली तर मागे जाता येतं.

आता नाव

सलग दोन पिढ्या, प्रत्येकी दहा-बारा रोपं, सगळी सारखी: हा माझा किमान निकष आहे. नोंदणीच्या जगात हेच तीन कसोट्यांनी पाहतात: वाण इतरांहून वेगळा हवा, एकसारखा हवा आणि टिकाऊ हवा. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून नव्या वाणांच्या हक्कासाठी याच कसोट्या लावल्या जातात.

लागवडीच्या वनस्पतींच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्यानुसार वाणाचं नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात, ते लॅटिन नसावं, ३० अक्षरांहून लांब नसावं, आणि टोमॅटोच्या दुसऱ्या वाणाचं असू नये. अधिकृत ठरायला वर्णनासह तारखेच्या प्रकाशनात यावं लागतं. घरच्या बागेला त्याची गरज नाही, पण नाव आधी कुणी वापरलेलं नाही ना, हे शोधून बघणं कुणालाही जमतं. व्यापारी चिन्हाचं नाव, किंवा त्यात थोडा बदल करून केलेलं नाव, टाळा. हक्क राखलेल्या वाणाचं बी स्वतःच्या बागेत लावणं आणि विकणं यांत फरक आहे. विकायचं असेल तर तिथला कायदा पाहा.

चांगलं नाव काहीतरी सांगतं. १९९० मध्ये अमेरिकेतले बागायतदार क्रेग लेहुलियर यांना टेनेसीतल्या एका बागायतदाराकडून टपालाने बी आलं. वाणाला नाव नव्हतं, पण हे बी चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांकडून आलं असं पत्रात होतं. फळ जांभळट निघालं आणि त्यांनी नाव दिलं ‘चेरोकी पर्पल’. रंगही कळतो, आणि बी कुठून आलं असं सांगितलं गेलं तेही. नाव देताना मी हेच बघते: रंग, आकार किंवा उगम यांपैकी निदान एक गोष्ट त्यात असावी. ‘अप्रतिम’, ‘राजा’, ‘नंबर एक’ यांतून काहीच कळत नाही.

आणि नावासोबत पाकिटावर एवढं जरूर लिहा: क्रमांक, पिढी, आई कोणत्या नावाने विकली जात होती, वाढ मर्यादित की अमर्यादित, पान, साल पिवळी की पारदर्शक, कप्पे, किती रोपांवरून ठरवलं, पिशवी बांधली होती की नव्हती. माझ्या एका पाकिटावर असं आहे: ‘२४-३-०७, चौथी पिढी. आई “कॅम्पारी” म्हणून विकत घेतलेली. अमर्यादित, दातेरी पान, पारदर्शक साल, दोन कप्पे. दहा रोपं, नऊ सारखी, एक पिवळं. नाव अजून नाही.’ ते एक पिवळं निघालं, म्हणून अजून एक हंगाम.